सिमवरच्या इंटरनेटवर घरचा सर्व्हर: पब्लिक आयपी नसताना बाहेरून आत कसं यायचं

नागपुरात बेसा ओलांडून पुढे गेलं की नवे ले-आउट सुरू होतात. प्लॉट पडले, घरं उभी राहिली, पण फायबरची केबल अजून मेन रोडच्या खांबापाशीच थांबली आहे. म्हणून आमच्याकडे इंटरनेट येतं ते सिमवर चालणाऱ्या राउटरमधून. सिनेमे, मीटिंग, मुलीचा अभ्यास, सगळं त्यावर नीट चालतं. अडलं ते घरात सर्व्हर लावल्यावर.

काम साधं होतं. बाबांच्या जुन्या कॅमेऱ्यातले, लग्नातले, मुलीच्या बारशापासूनचे फोटो इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत न ठेवता घरातच ठेवायचे. ८ जीबी रॅमचा रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा संगणक, पुढे त्याला नुसतं ‘पाय’ म्हणतो), त्याला जोडलेली एसएसडी आणि त्यावर इमिच हा फोटो सांभाळणारा मोफत प्रोग्राम. घरच्या वायफायवर फोटो झरझर उघडायचे. पुण्याच्या बहिणीला मात्र काहीच दिसेना. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं (पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर असलेलं दार; त्यावर बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठरावीक मशीनकडे पाठवायची), फायरवॉल बंद करून पाहिली, दोन रविवार त्यात गेले. कस्टमर केअरने राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. सेटिंग सगळी बरोबर होती. बाहेरच्याला दिसेल असा इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे पब्लिक आयपी, माझ्या घराला आहे असं मी धरून चाललो होतो, आणि सिमवरच्या इंटरनेटला तसा पत्ता बहुधा नसतोच.

हे आधी कळलं असतं तर ते दोन रविवार वाचले असते. तुमचे वाचावेत म्हणून सगळं क्रमाने लिहितो. कंपनीकडे पत्ता मागत बसण्यापेक्षा जोडणीची दिशाच उलटी करायची, म्हणजे घरातून बाहेर जायचं आणि त्याच वाटेने बाहेरच्याला आत आणायचं, हा या लेखाचा गाभा आहे.

पत्ता का मिळत नाही

इंटरनेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत म्हणजे आयपीव्ही४. तिचा पत्ता ३२ बिटांचा असतो. जगभरात मिळून असे पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी, आणि त्यातलेही बरेच राखीव. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपले. भारतात नुसत्या मोबाइलच्याच जोडण्या शंभर कोटींच्या वर आहेत. तेव्हा प्रत्येक सिमला वेगळा पत्ता देणं कंपन्यांना शक्यच नाही. पुष्कळ ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता वापरतात. याला कॅरिअर ग्रेड नॅट, थोडक्यात सीजीनॅट म्हणतात.

जुन्या वसतिगृहात एकच फोन असायचा, तो आठवा. आतल्या मुलाने घरी फोन लावला की बोलणं व्हायचं. बाहेरून फोन आला तर तो ऑफिसात वाजायचा, आणि नाव सांगितल्याशिवाय कुणाला बोलवायचं हे उचलणाऱ्याला कळायचं नाही. सीजीनॅट हा तो ऑफिसातला फोन. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे आपण आपल्या खोलीचं दार उघडं ठेवणं. दार कितीही उघडं ठेवा, ऑफिसातून कुणी हाक मारायला येणार नाही, कारण तिथली नोंदवही कंपनीच्या हातात आहे.

आधी तपासा

राउटरच्या पानावर जा. ते बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्यावर उघडतं. स्टेटस किंवा इंटरनेट या भागात ‘वॅन आयपी’ (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) अशी ओळ असते, ती कागदावर लिहून घ्या. मग त्याच वायफायवर गूगलमध्ये ‘माझा आयपी’ शोधा आणि जो आयपीव्ही४ पत्ता दिसेल तो खाली लिहा.

दोन्ही आकडे सारखे असतील तर तुम्हाला पब्लिक पत्ता आहे, आणि साधं पोर्ट फॉरवर्डिंग चालेल. वेगळे असतील तर वॅनच्या आकड्याकडे नीट पाहा. माझा १००.७८ने सुरू होत होता. १००.६४पासून १००.१२७पर्यंतचा पट्टा २०१२मध्ये खास सीजीनॅटसाठीच राखून ठेवला गेला. १०ने सुरू होणारा, किंवा १७२.१६ ते १७२.३१मधला पत्ताही खासगीच. १९२.०.०.४सारखं काही दिसलं तर जोडणी मुळात आयपीव्ही६ची, म्हणजे लांब पत्त्यांच्या नव्या पद्धतीची, आहे आणि आयपीव्ही४ तिच्यावर बेतून दिलेलं आहे. १९२.१६८ दिसलं तर घरातच एकामागे एक दोन राउटर लागलेले असतील. ते आधी सोडवा आणि मग पुन्हा तपासा.

ही तपासणी दोनदा करा, एकदा सकाळी आणि एकदा राउटर बंद करून चालू केल्यावर. पत्ता दर वेळी बदलतो की नाही, हे पुढे उपयोगी पडतं.

कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घेता येतो का? तारेच्या फायबरवर बऱ्याच कंपन्या जादा पैसे घेऊन देतात. सिमवर ही सोय बहुतेक करून कंपन्या-कार्यालयांच्या खात्यांपुरती असते. एकदा विचारून घ्या, नाही म्हणाले तर तिथेच सोडा.

आयपीव्ही६ची वाट

इथे भारताची बाजू चांगली आहे. आयपीव्ही६ वापरण्यात आपला देश जगात पुढच्या रांगेत आहे, आणि त्याचं मोठं कारण मोबाइल कंपन्याच. २०१६मध्ये जिओ आली तीच मुळी आयपीव्ही६ हाताशी घेऊन. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता पाहिलात तर २४०९ने किंवा २४०१ने सुरू होणारी लांब ओळ दिसेल. तो खरा सार्वजनिक पत्ता आहे, तुमच्या उपकरणाचा स्वतःचा.

राउटरच्या एपीएन (सिम कंपनीच्या जाळ्याला कसं जोडायचं) सेटिंगमध्ये प्रोटोकॉल ‘आयपीव्ही४व्ही६’ असा ठेवा. मग पायला २ने सुरू होणारा पत्ता मिळतो का ते पाहा. एफई८०ने सुरू होणारा पत्ता फक्त घरातल्या घरात चालतो, तो मोजू नका. पत्ता मिळाला म्हणजे काम झालं असं नाही, कारण राउटरची आणि बऱ्याचदा कंपनीची फायरवॉलही बाहेरून येणारी जोडणी अडवते. परीक्षा अशी घ्या: शेजाऱ्याचा फोन घ्या, सिम दुसऱ्या कंपनीचं हवं, वायफाय बंद. ब्राउझरमध्ये पायचा पत्ता चौकोनी कंसात लिहा, पुढे अपूर्णविराम आणि पोर्ट. पान उघडलं तर नशीबवान आहात. तुमच्याच कंपनीच्या सिमवरून ही परीक्षा घेऊ नका. आतल्या आत उघडेल आणि तुम्ही फसाल.

उघडलं तरी दोन गोष्टी मनात ठेवा. राउटर पुन्हा जोडला गेला की पत्त्याचा सुरुवातीचा भाग बदलतो, म्हणून डकडीएनएससारख्या मोफत सेवेत नाव घेऊन पायकडून तो पत्ता दर पाच मिनिटांनी कळवत राहावा लागतो. शिवाय बहिणीच्या ऑफिसात फक्त आयपीव्ही४ असेल तर तिला तिथून काहीच दिसणार नाही. माझ्या मते ही वाट जोडीला ठेवण्यासारखी आहे, सगळा भार तिच्यावर टाकू नये.

घरच्यांपुरतं हवं असेल तर: टेलस्केल

चार-पाच माणसांनाच फोटो बघायचे असतील तर इथेच थांबा. टेलस्केल हा आपली उपकरणं खासगी जाळ्यात एकमेकांना जोडणारा प्रोग्राम. तो पायवर टाका, बहिणीच्या फोनवर टाका, दोन्हीकडे लॉगिन करा. दोन्ही उपकरणं आतून बाहेर जोडणी करतात आणि मधल्या मध्ये एकमेकांना गाठतात. पोर्ट उघडायचं नाही, पत्ता मागायचा नाही. अर्ध्या तासात काम होतं, आणि बाहेरच्या जगाला तुमचा सर्व्हर आहे हेसुद्धा कळत नाही.

टेलस्केलही उपकरणांना १००ने सुरू होणारे, त्याच राखीव पट्ट्यातले पत्ते देतं. वॅनच्या पत्त्याशी त्याची गल्लत करू नका. दुसरं म्हणजे सर्व्हरची किल्ली ठरावीक दिवसांनी बाद होते. नेहमीची मुदत १८० दिवसांची. टेलस्केलच्या वेबसाइटवर त्या उपकरणापुढे किल्लीची मुदत बंद करण्याचा पर्याय आहे, तो पहिल्याच दिवशी वापरा. नाहीतर सहा महिन्यांनी, नेमके तुम्ही गावाला असताना, सर्व्हर गायब होईल.

वेग कमी वाटला तर टेलस्केलची स्थिती पाहा. तिथे जोडणी ‘डायरेक्ट’ आहे की ‘रिले’ हे लिहिलेलं असतं. दोन्ही टोकांना सीजीनॅट असला की कधी कधी थेट गाठ पडत नाही आणि सगळा डेटा त्यांच्या मधल्या सर्व्हरवरून फिरून येतो. फोटो चालतात, व्हिडिओ अडखळतात.

सगळ्यांना लिंक द्यायची असेल तर: क्लाउडफ्लेअर टनेल

वऱ्हाडातल्या काकूंना ॲप टाकायला सांगणं मला जमलं नाही. त्यांना व्हॉट्सॲपवर लिंक हवी, दाबली की फोटो. त्यासाठी स्वतःचं डोमेन घ्या, त्याचे नेमसर्व्हर (डोमेनचं नाव कुठे न्यायचं हे सांगणारे सर्व्हर) क्लाउडफ्लेअर या कंपनीकडे वळवा आणि त्यांचा टनेलचा, म्हणजे बोगद्याचा, छोटा प्रोग्राम पायवर चालवा. तो आतून बाहेर जोडणी करून बसतो. मग त्यांच्या पानावर सांगायचं की अमुक नावावर कुणी आलं तर पायच्या २२८३ पोर्टवर पाठवा. इमिचचं पोर्ट तेच आहे. एचटीटीपीएसचं कुलूप आपोआप लागतं.

मोफत योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाइल वर चढत नाही. फोटोंना अडचण नाही, पण लग्नाचा व्हिडिओ फोनवरून अपलोड करायला गेलात की तो अर्ध्यात तुटतो आणि कारण कुठेच लिहून येत नाही. मोठे व्हिडिओ घरच्या वायफायवरून थेट पायच्या पत्त्यावर चढवा. सिनेमांचा साठा या बोगद्यातून दाखवू नका, त्यांच्या अटींत ते बसत नाही. आणि कुलूप त्यांच्याच दारात उघडतं, म्हणजे मधला डेटा त्यांना दिसू शकतो. फोटोंना मला ते चाललं. कागदपत्रं, बँकेचे स्टेटमेंट, आईचे दवाखान्याचे रिपोर्ट यांना मला चालणार नव्हतं. म्हणून पुढची वाट धरली.

स्वतःचा बोगदा: व्हीपीएस आणि वायरगार्ड

महिन्याला थोडे पैसे भरून एक छोटा व्हीपीएस घ्यायचा, म्हणजे डेटा सेंटरमधलं भाड्याचं लहानसं मशीन. त्याला खरा, स्थिर, सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता असतो. घरचा पाय त्याला वायरगार्डने, म्हणजे दोन मशीनमध्ये कुलूपबंद बोगदा तयार करणाऱ्या प्रोग्रामने, जोडायचा. बाहेरचे लोक व्हीपीएसच्या दाराशी येतात आणि तो त्यांना बोगद्यातून घरी आणतो. फोटो मात्र घरच्या एसएसडीवरच राहतात.

मशीन मुंबईचं किंवा बंगळुरूचं घ्या. नागपूरहून मुंबई सुमारे ८०० किलोमीटर. अमेरिकेतला व्हीपीएस थोडा स्वस्त मिळाला तरी शेजारच्या खोलीतून उघडलेला फोटोसुद्धा समुद्र ओलांडून परत येईल. १ जीबी रॅम पुरते, कारण हे मशीन नुसतं दारवानाचं काम करतं.

त्यावर उबंटू किंवा डेबियन टाका. वायरगार्ड २०२०पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, त्यामुळे फक्त त्याची हत्यारं इन्स्टॉल करायची. दोन्ही मशीनवर किल्ल्यांची जोडी तयार करा. खासगी किल्ली ज्या त्या मशीनवरच राहू द्या, ती व्हॉट्सॲपवरसुद्धा पाठवू नका. सार्वजनिक किल्ली फक्त समोरच्याला द्या. बोगद्यासाठी घरात न वापरलेला पट्टा निवडा. मी व्हीपीएसला १०.६६.६६.१ दिला आणि पायला १०.६६.६६.२.

व्हीपीएसवर यूडीपी ५१८२० पोर्ट उघडा. इथे अनेकजण अडकतात, कारण फायरवॉल दोन असतात, एक मशीनच्या आत आणि दुसरी व्हीपीएस देणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर. दोन्हीकडे उघडावं लागतं.

पायच्या फाइलमध्ये ‘एंडपॉइंट’ म्हणून व्हीपीएसचा पत्ता आणि पोर्ट लिहा. ‘अलाउड आयपीज’मध्ये फक्त १०.६६.६६.१ लिहा. तिथे सगळे पत्ते लिहिलेत तर पायचं सगळंच इंटरनेट बोगद्यातून जाईल, आणि त्याने काय होतं ते खाली सांगतो. ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ ठेवा. कंपनीच्या नॅटमधली तुमची नोंद थोडा वेळ शांतता राहिली की पुसली जाते. दर २५ सेकंदांनी एक बारीक पॅकेट गेलं की ती जिवंत राहते आणि बाहेरून येणाऱ्याला वाट सापडते. ही ओळ लिहायची राहून गेली तर बोगदा पहिली काही मिनिटं चालतो आणि मग गप्प होतो.

जोडलं गेलं की नाही हे वायरगार्डची स्थिती दाखवणाऱ्या कमांडने पाहा. ‘लेटेस्ट हँडशेक’, म्हणजे दोन्ही टोकांची एकमेकांशी झालेली शेवटची ओळखपरेड, दोन-तीन मिनिटांच्या आतला हवा.

आता सिमवरच हमखास येणारा त्रास. हँडशेक होतो, पिंग जातं, लॉगिनचं पान उघडतं, पण फोटो अर्धवट येऊन गोल फिरत राहतात. लहान पॅकेट जातात आणि मोठी मधेच हरवतात. वायरगार्ड नेहमी १४२० बाइटचं पॅकेट धरून चालतं. मोबाइलच्या जाळ्यात वाटेवर अजून वेष्टणं चढतात आणि ते मावत नाही. दोन्ही टोकांना एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १२८० करा. आमच्याकडे एवढ्या एका आकड्याने सगळे फोटो सुरळीत झाले.

शेवटी व्हीपीएसवर कॅडी हा वेबसर्व्हर टाका. त्याच्या फाइलमध्ये तुमचं डोमेन आणि त्याखाली १०.६६.६६.२चं २२८३ पोर्ट, इतकंच लिहायचं. सर्टिफिकेट तो स्वतः आणतो, स्वतःच नवं करतो.

घड्याळाची गोष्ट

काटोलला मामांचा संत्र्याचा बगीचा आहे. आंबिया बहाराची फळं भरली की राखण करावी लागते, म्हणून तिथे कॅमेरा, एक पाय आणि सिमचा राउटर बसवला आणि याच रीतीने जोडला. दोन दिवस चांगलं चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन: “काऊन दिसत नाही रे, लाईट तं आली.”

राउटर चालू, पाय चालू, सिमला रेंज. हँडशेक मात्र होईना. रास्पबेरी पाय ४मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाईट गेली की त्याची वेळही थांबते, आणि परत आल्यावर तो जुन्या वेळेपासून सुरू होतो. वायरगार्ड प्रत्येक हँडशेकबरोबर वेळ पाठवतो, आणि समोरचा आधीपेक्षा जुनी वेळ आलेली दिसली की ती जुनी नक्कल समजून नाकारतो. एरवी पाय इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो आणि सगळं जुळतं. पण बगीच्यातल्या पायवर मी सगळंच इंटरनेट बोगद्यातून वळवलं होतं. वेळ मिळाल्याशिवाय बोगदा नाही, आणि बोगद्याशिवाय वेळ नाही. ‘अलाउड आयपीज’मध्ये एकच पत्ता ठेवला आणि गाठ सुटली. तुम्हालाही वर तेच सांगितलं. लाईट वारंवार जाते अशा जागी बॅटरीवालं छोटं घड्याळाचं मॉड्यूल बसवलं तर आणखी बरं.

उन्हाळा, लाईट आणि डेटा

मे महिन्यात नागपुरात पारा ४५च्या आसपास असतो. पाय ४चा प्रोसेसर ८० अंशांला पोचला की स्वतःचा वेग कमी करतो. बंद कपाटात ठेवू नका, पंखा असलेली पेटी घ्या. कुलरच्या झोताखाली तर मुळीच नको. ती हवा गार असते पण ओली असते, आणि खसचे कण घेऊन येते. आमचा पाय आतल्या खोलीत, जमिनीपासून हातभर उंच, भिंतीला टेकवून आहे. राउटर खिडकीत हवाच, पण पश्चिमेच्या नको. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, पायला त्याच्या व्होल्टेजचा वेगळा.

बहीण फोटो पाहते तेव्हा तुमच्या सिमचं अपलोड खर्च होतं, आणि अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. रात्री नऊला, टॉवरवर गर्दी असताना, स्पीड टेस्ट घेऊन अपलोडचा आकडा पाहा. तुमचा खरा आकडा तो. रोज ठरावीक जीबी देणारा प्लॅन असेल तर इमिचच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ लहान करून दाखवायला सांगा.

दार उघडलं म्हणजे चोरही येणार

व्हीपीएस सुरू होऊन तास झाला नसेल तोवर त्याच्या लॉगमध्ये परक्या पत्त्यांवरून एसएसएचच्या (दुरून मशीन चालवण्याच्या सोयीच्या) लॉगिनचे प्रयत्न दिसायला लागतात. ती यंत्रं आहेत, सगळं इंटरनेट धुंडाळत फिरणारी. घाबरू नका, पण आधी एसएसएचचा पासवर्ड बंद करून फक्त किल्लीने लॉगिन ठेवा. चुकीचे लॉगिन करत राहणाऱ्या पत्त्यांना अडवणारं फेल२बॅन लावा. अपडेट आपोआप होऊ द्या. कॅमेऱ्याचं किंवा राउटरचं पान कधीही थेट बाहेर आणू नका, ते टेलस्केलमधून किंवा बोगद्यातूनच पाहा. इमिचमध्ये घरच्या प्रत्येकाला वेगळं खातं द्या. आणि फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरात ठेवा. आमची नागपूरच्या महाल भागात, मावशीच्या कपाटात आहे.

आता शेवटची परीक्षा. घरचा मेन स्विच बंद करा. यूपीएस संपेपर्यंत थांबा, सगळे दिवे विझू द्या. मग दहा मिनिटांनी मेन चालू करा आणि कशालाही हात न लावता बाहेर अंगणात या. दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून तुमच्या डोमेनवर जा. पाच मिनिटांत फोटो उघडले तर सर्व्हर तयार आहे. नाही उघडले तर वायरगार्ड आणि इमिच मशीनबरोबर आपोआप सुरू व्हायला लावलेत का ते पाहा, आणि पुन्हा मेन पाडा.